बाट त्रांगला जाताना: व्हिएतनामच्या कुंभारगावाची सहल नीट कशी करावी

हनोईत कुठल्याही टूरवाल्याकडे गेलात तर त्याच्या यादीत 'कुंभारगाव, अर्धा दिवस' असं काहीतरी असतंच. त्यातल्या बऱ्याच सहली एकाच साच्याच्या असतात. गाडी एका मोठ्या दुकानाशी थांबते, दहा मिनिटं कुणीतरी चाक फिरवून दाखवतं, उरलेला वेळ खरेदी, आणि जेवायच्या वेळेला तुम्ही परत हॉटेलवर. बाट त्रांगसारख्या गावावर हा अन्याय आहे. शेकडो वर्षं इथली माणसं मातीवर जगत आली आहेत, आणि अजूनही जगताहेत.

तरी टूर टाळा असं मी म्हणणार नाही. भाषा येत नसेल तर गाईड हवाच, कारण खरं काम चालतं ते घरांच्या मागच्या अंगणात, आणि तिथे ओळखीच्या माणसाशिवाय शिरता येत नाही. फक्त दिवसाचा क्रम आपण ठरवायचा. भांडं ज्या वाटेने जातं त्याच वाटेने आपण जायचं: आधी माती, मग घडण, मग रंग आणि झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), मग भट्टी, आणि बाजार अगदी शेवटी. हा क्रम पाळला की बाजारात पोचेपर्यंत डोळा तयार झालेला असतो आणि समोरचं भांडं वाचता येतं.

आधी गाव निवडा

व्हिएतनाममध्ये कुंभारगावं बरीच आहेत. प्रवाशांच्या वाटेवर तीन येतात, आणि तिन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

बाट त्रांग हनोईच्या मध्यभागापासून साधारण १३ ते १५ किलोमीटरवर, लाल नदीच्या पूर्वेच्या काठावर आहे. इथे चिनी मातीच्या जवळ जाणारी, उंच तापमानाला भाजलेली, झिलईदार भांडी होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच गाव सुचवेन, कारण मातीपासून बाजारापर्यंतची सगळी साखळी इथे पायी फिरून पाहता येते.

थान्ह हा हे गाव मध्य व्हिएतनाममध्ये, होई आनच्या जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर, थू बोन नदीच्या काठी आहे. सायकलने सहज जाता येतं. इथली भांडी बिनझिलईची, तांबूस, आपल्या ओळखीच्या खापरासारखी. एक बाई उभी राहून पायाने चाक फिरवते आणि दुसरी बसून भांडं घडवते, ही इथली खास पद्धत. 'तो हे' नावाच्या छोट्या मातीच्या शिट्ट्या मिळतात, प्राण्यांच्या आकाराच्या. मुलं बरोबर असतील तर हे गाव उत्तम.

तिसरं बाऊ त्रुक, दक्षिणेकडे फान रांग शहराजवळ. हे चाम लोकांचं गाव. पूर्वी याच किनाऱ्यावर त्यांची राज्यं होती. इथे चाकच नाही. मातीचा गोळा एका ठोकळ्यावर ठेवतात आणि बाई त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरत भांडं उभं करते. भाजणी उघड्यावर, लाकूड आणि पेंढ्याच्या जाळात. चाम लोकांची ही कला युनेस्कोने २०२२ मध्ये तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतली. फान रांगलाच पो क्लोंग गराईचं जुनं मंदिर आहे आणि त्याच्या गाभाऱ्यात शिवाचं मुखलिंग आहे. चाम राज्यांचा भारतीय धर्मपरंपरांशी किती जवळचा संबंध होता ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. पण हे गाव वाटेवरचं नाही, मुद्दाम जावं लागतं. पहिल्याच खेपेला सात-आठ दिवसांत हनोई, हालाँग आणि होई आन करणाऱ्यांनी ते पुढच्या वेळेसाठी ठेवावं.

इथून पुढे मी बाट त्रांगबद्दलच लिहितो आहे.

टूर ठरवताना काय विचारायचं

भारतीय पासपोर्टवर व्हिएतनामचा ई-व्हिसा काढावा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. मध्यस्थांची हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत आणि ती जास्त पैसे घेतात.

टूर ठरवताना समोरच्याला सरळ विचारा: आपण नेमक्या कोणत्या कारखान्यात जाणार, आणि तिथे त्या दिवशी काम चालू असेल का? 'कार्यशाळा' म्हणजे फक्त पर्यटकांची चाकं मांडलेली जागा, की खरोखर माल बनतो ते ठिकाण? जुन्या गल्ल्यांतून पायी चालणं आहे का? जुनी लाकडाची भट्टी दाखवणार का? आणि दुकानात किती वेळ? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'दीड तास' असं आलं तर दुसरी टूर बघा. चार-पाच तासांत दुकानाला अर्धा तास पुरतो.

शक्य असेल तर मोठ्या बसच्या गटाऐवजी चार-सहा माणसांचा गट घ्या, किंवा एका गाईडला स्वतंत्र ठरवा. चाळीस माणसं एका कुंभाराच्या ओट्यावर उभी राहिली की पहिल्या रांगेतल्यांनाच काय ते दिसतं. कुटुंबाने जात असाल तर स्वतंत्र गाईड फार महागही पडत नाही.

टूर नकोच असेल तर हनोईतल्या लाँग बिएनच्या बस थांब्यावरून ४७ए क्रमांकाची शहर बस गावापर्यंत जाते, भाडं अगदी किरकोळ. तेव्हा गावात पोचल्यावर तिथलाच गाईड शोधावा लागेल. गावाचं नाव फोनवर व्हिएतनामी लिपीत लिहून ठेवा. उत्तरेत उच्चार 'बात च्यांग'च्या जवळ जातो, त्यामुळे 'बाट ट्रांग' म्हटलेलं ड्रायव्हरला कळेलच असं नाही.

ऋतूचं म्हणाल तर ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यात सुखाचे. हवा कोरडी, ऊन सौम्य. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेत बारीक रिमझिम लागून राहते. मे ते ऑगस्ट उकाडा आणि जोरदार पाऊस. तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्याच्या आधीचे आठवडे गावात प्रचंड धांदल असते, कारण घरोघरी पूजेची भांडी नवी घेतात. प्रत्यक्ष तेतच्या दिवसांत मात्र कारखाने बंद. त्या वेळी जाऊ नका.

निघण्याआधी एक सकाळ मोकळी असेल तर हनोईतलं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय पाहून घ्या. जुनी व्हिएतनामी भांडी, दीपस्तंभ, उदाची पात्रं तिथे आहेत. नंतर गावात तेच आकार नव्याने घडताना दिसले की वेगळाच आनंद होतो.

गावात शिरताना

सकाळी साडेआठ-नऊला गावात असावं. भर दुपारी कारागीर जेवून विश्रांती घेतात आणि अंगणं सुनी पडतात.

गाडी रुंद रस्त्यावर, दुकानांच्या रांगेत सोडते. तिथे रेंगाळू नका. गाईडला सांगा, आधी नदीकडच्या जुन्या गावात जाऊ. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. पूर्वी याच भिंतींवर कोळशाच्या चकत्या थापून वाळवत असत, भट्टीसाठी. नदीकाठी गावाचं सामाईक देऊळ आहे, 'दिन्ह'. गावाचे रक्षक देव तिथे पुजले जातात आणि चांद्र दुसऱ्या महिन्यात तिथेच मोठी जत्रा भरते.

गावाची कथा गाईड तिथेच सांगेल. १०१० मध्ये राजा ली थाय तो याने राजधानी थांग लाँगला, म्हणजे आजच्या हनोईला हलवली. तेव्हा निन्ह बिन्ह भागातल्या बो बात गावचे कुंभार नव्या राजधानीजवळ आले, इथे पांढरी माती सापडली आणि ते स्थिरावले, अशी परंपरा सांगते. लेखी उल्लेख त्यानंतर बऱ्याच काळाने, चौदाव्या-पंधराव्या शतकात येतात. नदी जवळ असल्याने माती, लाकूड आणि तयार माल सगळं होडीने यायचं-जायचं. इथल्या विटाही नावाजलेल्या होत्या. अंगणांत आणि देवळांत त्या बसवत, आणि लोकगीतांतही त्यांचं नाव येतं. जागतिक हस्तकला परिषदेने २०२५ मध्ये बाट त्रांगला आपल्या जगभरातल्या हस्तकला-शहरांच्या जाळ्यात घेतलं.

माती आणि घडण

आता कारखाना. पहिला प्रश्न मातीचा विचारा: ही येते कुठून? गावातली पांढरी माती केव्हाच संपली. आज ती बाहेरून आणतात, हाय जुओंग भागातल्या त्रुक थोनची माती त्यासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या पद्धतीत एकापाठोपाठ चार टाक्या असत. पहिल्या टाकीत माती तीन-चार महिने भिजत राहायची, मग घोळून दुसऱ्या टाकीत निवळायची, तिसऱ्या टाकीत तिचं पाणी सुकायचं आणि चौथ्या टाकीत ती मुरायची. आज पुष्कळ कारखाने तयार माती विकत घेतात. पण जिथे टाक्या अजून आहेत तिथे दोन मिनिटं थांबून चारही टाक्यांतली माती बोटाने चाचपून पाहा, अर्थात विचारून.

घडणीच्या खोलीत पाहुण्यांचा थोडा हिरमोड होतो. चाकावर बसलेला म्हातारा कारागीर दिसेल अशी अपेक्षा असते आणि समोर दिसतात प्लास्टरचे साचे, त्यांत ओतलेली पातळ माती, आणि साचे उघडणाऱ्या बायका. यात फसवणूक काहीच नाही. साच्यातली ओतणी ही इथली रोजची पद्धत आहे आणि तिच्यातही कसब लागतं. प्लास्टर पाणी शोषतं, मातीचा थर कडेला जमतो, किती वेळाने उरलेली माती ओतून टाकायची यावर भांड्याची जाडी ठरते. हातघडणीची भांडी वेगळी, त्यांची किंमत वेगळी, आणि ती करणारे हात आता मोजक्या घरांत उरले आहेत. गाईडला विचारा, 'चाकावर घडवणारं कुणी आज काम करतंय का?' असेल तर तिकडे चला, आणि तिथे घाई करू नका. एक भांडं पूर्ण होईपर्यंत बसा.

ओल्या आणि वाळत ठेवलेल्या भांड्यांना हात लावू नका. कच्चं भांडं दिसतं टणक, पण कडेला बोट लागलं तरी टवका उडतो. फळ्यांवर मांडलेल्या मालाच्या मधून जाताना पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. फोटो काढण्याआधी हसून विचारा. 'सिन चाओ' म्हणजे नमस्कार आणि 'काम अन' म्हणजे धन्यवाद, एवढं आलं तरी चेहरे खुलतात.

रंग आणि झिलई

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. चित्र काढणाऱ्या बहुतेक बायका असतात. एका हातात भांडं, दुसऱ्या हातात लांब केसांचा कुंचला. कोबाल्टचा रंग कच्च्या भांड्यावर लावताना फिकट करडा-काळा दिसतो. तो निळा होतो भट्टीत. म्हणजे जे दिसत नाही ते डोळ्यासमोर ठेवून ती रेघ ओढत असते, आणि सुकी माती रंग लगेच पिते म्हणून रेघ पुसून पुन्हा काढण्याची सोय नाही.

त्यावर झिलई. भांडं बुडवून, वरून ओतून किंवा फवाऱ्याने. बाट त्रांगच्या पाच पारंपरिक झिलया सांगितल्या जातात: निळी, तपकिरी, हस्तिदंती पांढरी, शेवाळी हिरवी आणि तडकीची. तडकीची, म्हणजे 'मेन रान', जरूर पाहा. झिलई आणि आतली माती थंड होताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे झिलईवर बारीक भेगांचं जाळं पडतं. हा दोष नव्हे, मुद्दाम जमवून आणलेला परिणाम आहे. भेगा किती दाट पडाव्यात हेही जाणता कुंभार झिलईच्या मिश्रणावरून ठरवतो.

इथे पूजेची भांडी पुष्कळ दिसतील. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवायचं उदाचं पात्र, 'बात हुओंग', घरात अतिशय पवित्र मानतात, उगाच जागचं हलवतही नाहीत. सुंदर दिसतं म्हणून त्यात हात घालून पाहणं, ते डोक्यावर धरून फोटो काढणं किंवा 'यात मनीप्लांट छान दिसेल' म्हणणं टाळावं.

भट्टी

आपल्याकडचा माठ कमी आचेवर भाजलेला असतो, म्हणून तो पाझरतो आणि पाणी गार राहतं. बाट त्रांगचं भांडं साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या आचेला माती आतून घट्ट मिटते, पाणी झिरपत नाही, आणि टिचकी मारली तर काशासारखा आवाज येतो. ही आच गाठण्यासाठी गावाने पिढ्यान्‌पिढ्या भट्ट्या बदलल्या. आधी बेडकाच्या आकाराची बसकी 'लो एक' ('लो' म्हणजे भट्टी), मग 'लो दान', मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उतारावर चढत जाणारी, एकापुढे एक घुमट असलेली 'लो बाऊ'. १९७५ च्या सुमारास कोळशाची उभी, खोकेवजा 'लो होप' आली आणि घराघरांत पोचली, कारण ती थोड्या जागेत बसते. धूरही तिनेच गावभर केला. आता बहुतेक ठिकाणी गॅसच्या भट्ट्या आहेत आणि हवा बरीच सुधारली आहे.

गावात एक जुनी लो बाऊ जपून ठेवली आहे. टूरमध्ये नसेल तर हट्ट धरून ती घालून घ्या. खालच्या तोंडाशी जाळ, आणि ज्वाळा एका घुमटातून दुसऱ्यात चढत वर जाते. सगळे घुमट सारखे तापत नाहीत, म्हणून कोणतं भांडं कुठे रचायचं हा अनुभवाचा भाग. राख आणि ज्वाळेपासून वाचवण्यासाठी भांडी जाड मातीच्या डब्यांत ठेवत. तापमापक नव्हते. भट्टीचा कारभारी ज्वाळेचा रंग पाहून आणि नमुन्याचे तुकडे बाहेर काढून ठरवायचा. शेकडो भांड्यांची मेहनत त्या एका माणसाच्या नजरेवर. आत वाकून शिरता आलं तर भिंतीवर हात फिरवा. वर्षानुवर्षांच्या राखेने आणि आचेने विटांवरच काचेसारखा थर चढला आहे.

गॅसची भट्टी त्या दिवशी उघडणार असेल तर ती मात्र चुकवू नका. मालक आधी एखाद-दुसरं भांडं काढून उलटंसुलटं पाहतो. त्या क्षणी त्याला प्रश्न विचारू नयेत.

स्वतः करून पाहायचं असेल तर

चाकाचा अनुभव बहुतेक टूरमध्ये असतो. नखं कापून जा, अंगठ्या काढून ठेवा, बाह्या वर. कोपरं मांडीला टेकवा. नवशिके हाताने माती ढकलतात आणि ती डगमगते. हात स्थिर ठेवून माती हाताखालून फिरू द्यायची. अर्धा-पाऊण तास पुरे.

एक गोष्ट आधी विचारा: तुमचं भांडं भाजणार का? बऱ्याच ठिकाणी ते फक्त वाळवून, वर साधा रंग देऊन हातात देतात. असं भांडं शोभेचं. त्यात चहा ओतला तर ते विरघळेल. नीट झिलई आणि भाजणी हवी असेल तर वेगळे पैसे आणि बरेच दिवस लागतात. हनोईत मुक्काम लांब असेल तरच ते करा.

नदीच्या बाजूला एक नवी संग्रहालयाची इमारत दिसेल, चाकावरून वर उठणाऱ्या मातीसारख्या वळणावळणांच्या भिंती. २०२१ पासून लोक तिथे गर्दी करतात. फोटो छान येतात. वेळ कमी असेल तर मी ती सोडून लो बाऊ पाहीन.

जेवण

गावची खासियत म्हणजे 'कान्ह मांग मुक': बांबूचे कोवळे कोंब आणि सुकवलेला माकूल (स्क्विड), दोन्ही बारीक तंतू काढून केलेलं सार. सणासमारंभाचा पदार्थ आहे आणि करायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी गाईडकरवी सांगून ठेवावं. मासे खाणाऱ्यांनी जरूर चाखावं. शाकाहारी असाल तर 'तोय आन चाय' म्हणा, म्हणजे मी शाकाहारी आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. मासळीचं पाणी, 'न्युओक माम', भाजीतही पडतं, त्यामुळे तेही नको असं स्पष्ट सांगायला लावा. जैन किंवा उपवासाचं पाळणाऱ्यांनी डबा बरोबर नेणंच बरं.

आता बाजार

इथवर येईपर्यंत तुम्हाला साच्याची शिवण, कुंचल्याची रेघ आणि चिकटवलेलं छापील चित्र यांतला फरक कळू लागलेला असेल. तोच आता वापरायचा. एकाच नक्षीची तीन भांडी शेजारी ठेवा. तिन्ही अगदी तंतोतंत सारखी असतील तर चित्र छापील आहे. हाताच्या कामात फुलाची पाकळी थोडी इकडे-तिकडे होतेच. बाजारात बाहेरून आणलेला माल मिसळलेला असतो, तेव्हा 'हे इथेच बनलं का' हे गाईडकडून विचारून घ्या, आणि जमलं तर जिथे काम पाहिलं त्याच घरातून विकत घ्या. किंमत चार पैसे जास्त पडली तरी ती त्या हातांपर्यंत पोचते.

जेवणाचं भांडं घेताना नक्षीवरून बोट फिरवा. रंग झिलईच्या वर उंचवट्यासारखा लागला तर तो नंतर कमी आचेवर चढवलेला असतो. अशी ताटं भिंतीवर शोभतात, आंबट-तिखट वाढायला नकोत. नक्षी झिलईच्या खाली गुळगुळीत असेल तर निर्धास्त वापरा. टिचकी मारून आवाज ऐका. बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. सपाट जागी ठेवून डगमगतं का पाहा आणि तळाची बिनझिलईची कड खरखरीत नाही ना ते तपासा, नाहीतर घरचं टेबल ओरखडेल.

भाव करता येतो, पण किमतीची पाटी लावलेल्या दुकानांत फारसा नाही. हातघडणीच्या वस्तूवर अर्ध्या किमतीचा हट्ट धरू नये. पैसे देताना नोटा नीट पाहा. २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या नोटा दोन्ही निळसर आहेत आणि घाईत एकीच्या जागी दुसरी जाते.

दुकानदार बांधून देतात ते चांगलंच असतं, पण विमानाच्या प्रवासाला तेवढं पुरत नाही. वाटीत वाटी कधीही नुसती घालू नका, मध्ये कपडा हवा. ताटं आडवी न ठेवता उभी लावा, धक्का कडेवर गेला तर ती जास्त सोसतात. बरणीच्या पोटात मोजे भरा. सगळं बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी कपडे. चहाची किटली असेल तर झाकण वेगळं गुंडाळा आणि तिची चोच वरच्या दिशेला ठेवा. सगळ्यात आवडलेली एक वस्तू हातातल्या बॅगेत घ्या, पण विमान कंपनीची वजनाची मर्यादा आधी पाहून, कारण ही भांडी दिसतात त्याहून जड असतात.